तू म्हणतोस त्या गोळ्यांबद्दल

सोलापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, त्या हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणजे नाहीत" एवढं बोलून तू फोन ठेवलास आणि पाठोपाठ तो व्हिडिओ पाठवलास. पाहिला. हार्मोनने स्तनाचा कॅन्सर होतो असं बोलणारा माणूस ठासून सांगतो, पण कुठल्या वयाच्या बाईबद्दल बोलतोय ते शेवटपर्यंत सांगत नाही. आपलं फोनवर धड बोलणं होत नाही. तू हॉस्टेलच्या जिन्यात, मी शिलाईच्या युनिटमध्ये मशिनींच्या आवाजात, आणि विषय असा की दोन वाक्यांनंतर तुलाच अवघडायला होतं. म्हणून लिहिते. मुलाला असलं काय लिहायचं, असं आजी म्हणेल. म्हणू दे. मनगट मोडलं त्या रात्री मला रिक्षात घालून दवाखान्यात तूच नेलंस, तेव्हा तुला पुढचं कळायला हवं.

त्या रात्री डॉक्टर तुला बाहेर थांबवून माझ्याशी काय बोलले ते सांगते. पाणी आलं म्हणून मी घाईघाईने पिंप भरत होते, मोरीत पाय घसरला आणि हात टेकला, एवढंच. हाडांचे डॉक्टर म्हणाले, उभ्या उभ्या पडून त्रेचाळिसाव्या वर्षी मनगट मोडायला नको. मग विचारलं, पाळी चालू आहे का? मी म्हटलं, अडतिसाव्या वर्षीच गेली. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि प्लास्टर वाळायच्या आत डेक्साची चिठ्ठी हातात दिली.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायचा एक्स-रे. शिबिरात टाच मशिनीत घालून बघतात ते वेगळं, त्यावरून निदान होत नाही. माझा कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, आला उणे २.६ आणि खुब्याचा उणे १.८. उणे १ पर्यंत ठीक, त्याखाली हाड विरळ व्हायला लागलेलं, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. कण्याचं हाड आतून जाळीदार असतं, म्हणून झीज आधी तिथे दिसते.

हाड हे एकदा बनलं की संपलं, असं नसतं हे मलाही तेव्हाच कळलं. आपल्या युनिटमध्ये कसं, एका टेबलावर चुकलेली शिलाई उसवणाऱ्या बसतात आणि दुसऱ्यावर पुन्हा शिवणाऱ्या. हाडातही जुनं विरघळवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवं भरणाऱ्या वेगळ्या, आणि हे जन्मभर चालतं. अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन उसवणाऱ्यांना आवरून धरतं. पाळीबरोबर ते गेलं की उसवणं वाढतं आणि शिवणाऱ्यांना गाठता येत नाही. पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं ही झीज सगळ्यात वेगात होते. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ धरतात. माझी आठ-नऊ वर्षं आधीच गेली. चाळिशीच्या आत गेली तर डॉक्टर तिला नुसतं 'लवकर गेली' म्हणत नाहीत, अंडाशयांनी अकाली काम थांबवलं असं म्हणतात आणि त्यावर उपचार करायचे असतात.

मला मात्र तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "नशीबवान बाई, लवकर सुटलीस." ज्या दवाखान्यात मी तेव्हा दाखवलं, तिथे महिन्याच्या अंतराने दोनदा रक्त तपासून एफएसएच, म्हणजे पाळी गेली की वाढणारं हार्मोन, वाढलंय हे नक्की केलं, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, काळजी करू नका, कटकट गेली. हाडांचा शब्द कुणी काढला नाही. राग येतो मला त्याचा, अजून येतो.

आणि मी एकटी नाही रे. युनिटमध्ये माझ्या हाताखाली ज्या बायका आहेत, त्यातल्या कितीजणींची गर्भाची पिशवी काढलेली आहे ते विचारलंस तर थक्क होशील. अंगावर पांढरं जातं म्हणून काढली, पोटात दुखतं म्हणून काढली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिशवी काढलेल्या बायकांचं ऑपरेशनच्या वेळचं मधलं वय ३४ निघालं होतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, तेव्हा चार दिवस सगळे हळहळले. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी हळूहळू जात नाही, ऑपरेशनच्या टेबलावरच जाते. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली, तरी ती लवकर थकू शकतात. काजं-बटणाच्या मशिनीवर बसणारी एकजण परवा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "मॅडम, कटकट गेली खरी, पण कंबर काय सरळ होईना बघा." वय चाळीससुद्धा नाही तिचं. तिला डेक्सा करून घे म्हणून सांगितलंय. करेल की नाही देव जाणे, एक दिवसाचा खाडा पडतो.

आता तुझ्या व्हिडिओकडे येते. त्यातली भीती कुठून आली ते मी पाळीसाठी आता ज्यांना दाखवते त्या नव्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. पिशवी असलेल्या १६,६०८ बायका त्यात होत्या, अर्ध्यांना हार्मोन दिलं, अर्ध्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. जुलै २००२ मध्ये तो मध्येच थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर हार्मोनवाल्यांत जास्त दिसला. किती जास्त? वर्षाला दर दहा हजार बायकांमागे ३० च्या जागी ३८. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. हे खोटं नाही आणि मी ते उडवून लावत नाही. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ओंकार. पाळी जाऊन बरीच वर्षं उलटलेल्या बायकांना बाहेरून हार्मोन देणं वेगळं आणि जिच्या अंगात ते या वयात असायलाच हवं होतं, तिला ते भरून देणं वेगळं. त्याच अभ्यासात खुब्याची हाडं मोडणं एक तृतीयांशाने कमी झालं होतं, तेवढं मात्र तुझा व्हिडिओवाला गिळून बसला.

माझ्यासारख्यांसाठी जगभरचे तज्ज्ञ सांगतात की दुसरी काही अडचण नसेल तर पाळी साधारण ज्या वयात जाते, त्या पन्नाशीच्या आसपासपर्यंत तरी हार्मोन घ्यावं. तोवर घेतल्याने, पाळी चालू असलेल्या त्याच वयाच्या बाईपेक्षा कॅन्सरचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. मात्र लवकर पाळी गेलेल्यांवर त्या अमेरिकेतल्याएवढा मोठा अभ्यास झालेला नाही, हेही बाईंनी आपणहून सांगितलं. मला ते आवडलं. जो डॉक्टर 'काही होत नाही हो' म्हणतो, त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि खरं सांगू? तुझ्या डोक्यात तो व्हिडिओ नाही, आत्या आहे. तिची केमो चालू असताना तू दहावीत होतास, तिच्या उशाशी बसून अभ्यास करायचास. पण आत्या तुझ्या पप्पांची बहीण. तिचं रक्त पप्पांत आहे, तुझ्यात आहे, तुझ्या बहिणीत, सईत आहे, माझ्यात नाही. माझ्या माहेरी आई, मावशा, बहिणी, कुणालाही स्तनाचा कॅन्सर झालेला नाही. बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. मग गुठळी कधी झाली का, लिव्हरचा त्रास, बीपी, मध्येच कधी रक्त गेलं का. यातलं काही असतं तर त्यांनीच नको म्हटलं असतं. तरी आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्यायची, हे त्यांचंही मत आणि माझंही.

तू 'गोळ्या गोळ्या' करतोस, त्यातलं इस्ट्रोजेन मुळात गोळी नाहीच, जेल आहे. रोज दंडाला चोळायचं. पोटातून गोळी घेतली की ती आधी लिव्हरमधून जाते आणि गुठळीचा धोका थोडा वाढतो. कातडीतून गेलं तर तसं दिसत नाही. माझी पिशवी जागेवर आहे, म्हणून नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, पिशवीचं अस्तर जाड होऊन तिथे कॅन्सर होऊ शकतो. त्यासाठी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची कॅप्सूल, रात्री झोपताना, कारण तिने गुंगी येते. (मला तर बरंच आहे. रात्री दोन-दोनदा अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन उठते, गाऊन भिजलेला असतो. झोप म्हणून नाही.) काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, म्हणून बाईंनी विचारलं, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? मी म्हटलं, बाई, सोलापुरात शेंगाचटणीशिवाय जेवण होतं का? त्याही हसल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी आधी दुसरं औषध सुचवलं होतं, अलेंड्रोनेट. आठवड्यातून एक ७० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी उपाशीपोटी भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. औषध चांगलं आहे, पण ते हाडात जाऊन वर्षानुवर्षं राहतं. मला अजून चाळीस वर्षं काढायची आहेत. बाईंचं म्हणणं, ती शिदोरी पुढच्यासाठी ठेवू. हार्मोन बंद केलं की हाडांचा फायदाही ओसरत जातो, तेव्हा पन्नाशीनंतर याची गरज पडेल. शिवाय अलेंड्रोनेटने हाडं राखली जातील, पण वाफा जाणार नाहीत आणि हृदयालाही काही फायदा होणार नाही. लवकर पाळी गेलेल्या बाईला हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो, हे मला माहीत नव्हतं. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी फोनवर बोलणं करून दिलं मी. तेवढं एक काम मी हट्टाने केलं, नाहीतर दोन फायली घेऊन आपणच मध्ये फिरत बसतो.

खाण्याने भागणार नाही का, असं आजी रोज विचारते. तिला ज्वारीचा अभिमान, मंगळवेढ्याच्या मालदांडीपुढे तिला जग तुच्छ. पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीसच्या आतच असतं, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ हजाराच्या वर, पण शंभर ग्रॅम तीळ कोण खातो, संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या दिवसांतसुद्धा? पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम लागतं. तेव्हा दोन वेळा दूध-दही, एका वेळी नाचणीची भाकरी आणि उरलेल्याला गोळी. ड जीवनसत्त्वही कमी निघालं, बघ. चाळिशीपार ऊन असलेल्या गावात! उन्हाला घाबरून आपण सकाळी दहा ते सहा पत्र्याखाली बसलेलो असतो, वर तोंडाला स्कार्फ. हे सगळं चालू केलंय, कंबर तलावाला चालणंही. पण यातल्या कशानेही इस्ट्रोजेनची जागा भरत नाही, ही गोष्ट आजीला पटत नाही आणि तुलाही पटेल असं नाही.

पाण्याच्या दिवशी घागरी पप्पा उचलतात आता. कापडाचे तागे वाकून उचलायचे नाहीत असंही सांगितलंय, ते मात्र युनिटमध्ये जमवणं कठीण आहे. मालकांशी बोलले, ट्रॉली आणतो म्हणालेत. बघू.

पप्पांचं म्हणणं, "तुला योग्य वाटेल ते कर." म्हणजे त्यांनाही भीती वाटते. मला वाटत नाही असं नाही. छातीत काही लागतंय का म्हणून हल्ली आंघोळीच्या वेळी हात आपोआप जातो. पण आजीची आई शेवटची सहा वर्षं खुबा मोडून खाटेवर होती, ते मी नातसून म्हणून केलंय. त्या भीतीचं वजन मला जास्त वाटतं. म्हणून घ्यायचं ठरवलंय. सुरुवातीला तीन महिन्यांनी दाखवायचं, मग वर्षातून एकदा, डेक्सा बाई सांगतील तेव्हा. मध्ये गाठ लागली, पायाला एकाच बाजूला सूज आली किंवा दम लागला तर थांबवून लगेच जायचं. हे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय.

तुझं काम एकच. सईच्या बाबतीत. पाळी लवकर जाणं घराण्यात उतरू शकतं. माझी पाळी लवकर का गेली ते बघायला एक जनुकाची तपासणीही केली, फ्रॅजाइल एक्स म्हणतात, तिच्यात दोष निघाला असता तर तो तुझ्यातही उतरलेला असू शकला असता. ती ठीक आली, त्यामुळे तू निश्चिंत राहा. पण सईने पस्तिशीच्या आत मूल, लग्न, काय ते ठरवताना हे माहीत असलेलं बरं. आणि आत्याचं रक्त तिच्यात आहे, ही गोष्ट तिच्या डॉक्टरांना नेहमी सांगायची. बारावीची परीक्षा झाली की मीच बोलणार आहे तिच्याशी. तोवर तू घाबरवणारे व्हिडिओ तिला पाठवू नकोस.

मॅमोग्राफी सोमवारी आहे, पप्पा सुट्टी काढून येणार आहेत. रिपोर्ट चांगला आला तर त्याच आठवड्यात सुरू करते. तुला बाईंना काही विचारायचं असेल तर कागदावर लिहून फोटो पाठव, मी जाताना नेईन. मेसचे पैसे भरलेत. संध्याकाळी सातनंतर फोन कर, तेव्हा मशिनी बंद असतात.

तुझी,
आई