फोन तपासून संशय जात नाही, वाढतो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर 'चारित्र्याच्या संशयावरून' अशी सुरुवात असलेली बातमी अधूनमधून येतेच, कधी जळगाव साइडची, कधी धुळे-नंदुरबारची. आठ-दहा ओळी असतात, भांडण झालं, मारलं, पोलिसांनी ताब्यात घेतलं, पुढील तपास सुरू. लोक वाचतात, हळहळतात आणि पान उलटतात. पण त्या आठ-दहा ओळींच्या आधी त्या घरात कितीतरी वर्षं काहीतरी चालू असतं, आजूबाजूच्या सगळ्यांना ते दिसतही असतं आणि त्याच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय. माझं अमळनेरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन हे तर चालूच असतं, पण संशयाने पछाडलेला माणूस आजकाल आधी आमच्याकडे येतो, घरच्यांकडे नंतर.

येतो म्हणजे कसा, गर्दी कमी व्हायची वाट बघतो, मग हळूच विचारतो, भाऊ, मिसेसचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या फोनवर दिसेल असं काही करता येतं का, तिला कळायला नको. कोणी विचारतो डिलीट मारलेले मेसेज परत येतात का. कोणाला लोकेशन पाहिजे, कोणाला सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड झालेले पाहिजेत. बायका पण येतात, कमी येतात पण येतात, नवऱ्याचा फोन ओढणीत गुंडाळून आणतात आणि म्हणतात पॅटर्न तेवढा काढून द्या दादा. आणि जवळजवळ प्रत्येकजण एक वाक्य बोलतोच, "संशय वगैरे काही नाही हो, काळजी वाटते म्हणून."

मी हे काम करत नाही आणि करणार पण नाही. पण नाही म्हटल्यावर माणूस बसतो, चहा घेतो आणि बोलायला लागतो, आणि ते ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. फोन बघून आजवर एकाही माणसाचा संशय गेलेला मी पाहिला नाही. काही सापडलं नाही तर शांत व्हायला पाहिजे ना? उलटं होतं. चॅट रिकामी दिसली तर म्हणतात डिलीट करत असेल. फोनला लॉक असलं तर काहीतरी लपवतेय, आणि लॉक नसलं तर दुसरं सिम असेल कुठेतरी. रात्री ऑनलाइन दिसली तर कोणाशी बोलत होती, आणि लास्ट सीन बंद केलं तर मग विचारूच नका. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असतं, पुरावा फक्त शोधायचा बाकी असतो, आणि असा माणूस दहा वेळा फोन तपासून अकराव्या वेळेला परत तपासतो.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. नवरा सुरतला उधन्याला लूमवर कामाला, बायको इकडे गावात आशा वर्कर. आपल्याकडचे कितीतरी लोक असे सुरतला आहेत, भुसावळ-सुरत गाडीत बसलं की निम्मा डबा ओळखीचा निघतो. आता आशा वर्करचा फोन म्हणजे काय असतो, कोणाला रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर पहिला फोन तिला, मग अँब्युलन्सला फोन, पीएचसीच्या म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला फोन, लसीकरणाचा ग्रुप, त्यात पुरुष पण असणारच. नवऱ्याने रात्री फोन केला की वेटिंग. सुरुवातीला तो नुसतं विचारायचा, "कोना फोन व्हता?" ती सांगायची अमकीची डिलिव्हरी होती. मग गावातल्या एका भावकीतल्याने त्याला फोन करून सांगितलं की वहिनी हल्ली रात्रीच्या बाहेर असतात. त्या माणसाला काय मिळालं कोण जाणे. तिथून व्हिडिओ कॉल सुरू झाले, कॅमेरा फिरव, खोली दाखव, सासू कुठे झोपलीय ते दाखव. त्या बाईने शेवटी आशाचं काम सोडलं. बरं काम सोडल्यावर तरी थांबलं का, तर नाही, मग सुरू झालं की काम का सोडलं, तिथे काय घडलं होतं?

आता यात प्रेम कुठे गेलं बघा. ती बाई आधी नवऱ्याला दिवसभराचं सगळं सांगायची, कोणाला जुळं झालं, कोणाची सासू सरकारी दवाखान्यात यायला तयार नव्हती, कोणत्या डॉक्टरने काय जोक केला. आता त्यातलं काही सांगायची सोय राहिली नाही, कारण डॉक्टर म्हटलं की प्रश्न, ड्रायव्हर म्हटलं की प्रश्न. मग उरतं काय, जेवलास का, हो, पैसे टाकले का, हो, ठेव. लोकांना वाटतं संशयाने नवरा-बायकोत भांडणं होतात. भांडणं तर होतातच पण त्याच्या आधी बोलणं मरतं, आणि ते मेलेलं कोणाला कळत पण नाही. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसारखं आहे हे, बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, आत सरकी खाऊन झालेली असते, आणि अळी एकदा बोंडात शिरली की मग वरून कितीही फवारा, उपयोग नसतो.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात अकाउंटचं काम बघतो, साधा माणूस. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, हल्ली सगळ्यांचेच झालेत, गेट टुगेदर ठरलं, फोटो आले, फोटोत शेजारी वर्गातली एक बाई उभी. बायकोने विचारलं ही कोण, त्याने सांगितलं, तिला पटलं नाही. मग रोज फोन चेक, मग त्याच्या ऑफिसातल्या माणसांना फोन की हे आत्ता तिथेच आहेत का. या माणसाने काय केलं असेल, ग्रुप म्यूट केला, मग मित्राबरोबर चहाला थांबला तरी घरी सांगायचा जिनिंगमध्येच उशीर झाला. लपवण्यासारखं काही नव्हतं, नुसतं कटकट नको म्हणून. आणि एक दिवस ते चहाचं खोटं पकडलं गेलं. झालं, आता तिच्याकडे पुरावा आला की हा खोटं बोलतो!

मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. संशय खऱ्या माणसाला खोटं बोलायला शिकवतो आणि मग तेच खोटं दाखवून म्हणतो बघा मी बरोबर होतो. यातून दोघांनाही एकट्याने बाहेर पडता येत नाही, कोणीतरी तिसऱ्याने मध्ये बसून दोघांचं ऐकून घ्यावं लागतं, आणि तो तिसरा माणूस शांत पाहिजे, कान भरणारा नको.

आपल्याकडे पंचाईत अशी की हे सगळं सुरू असताना घरचे त्याला प्रेम समजतात. नवीन लग्न झालेली पोरगी आईला सांगते की ते दर तासाला फोन करून "कोठे शे?" विचारतात, तर आई म्हणते नशीबवान आहेस बाई, जीव आहे त्याचा. सरकारचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वे असतो ना, 2019 ते 21 मध्ये पाचवा झाला, त्यात विवाहित बायकांना हेच प्रश्न विचारतात की तुम्ही दुसऱ्या पुरुषाशी बोललात तर नवरा चिडतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरच्यांशी संपर्क कमी करायला लावतो का, प्रत्येक वेळी कुठे आहात ते कळलंच पाहिजे असा हट्ट धरतो का. आणि हे प्रश्न घरातल्या हिंसाचाराच्या भागात आहेत. म्हणजे जे आपण जीव आहे म्हणून कौतुकाने सांगतो, ते सरकार त्या रकान्यात मोजतं.

आता काही जण मला कायदा सांगतात, की सुप्रीम कोर्टाने आता परवानगी दिलीय बायकोचे कॉल रेकॉर्ड करायला. अर्धवट ऐकलेलं असतं. 14 जुलै 2025 चा तो निकाल आहे, त्यात कोर्टाने एवढंच म्हटलंय की घटस्फोटाच्या केसमध्ये असं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल. आणि त्याच निकालात हे पण म्हटलंय की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायच्या थराला आले असतील तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे. पहिला भाग सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, दुसरा कोणी फॉरवर्ड केला नाही. आणि 2003 मध्ये याच कोर्टाने सांगितलंय की बायकोच्या चारित्र्यावर खोटे आरोप करणं ही मानसिक क्रूरता आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पण नुसती मारहाण नाही, शिवीगाळ, अपमान आणि भावनिक छळ पण येतो. हे बायांना माहिती नसतं आणि पुरुषांना पण नसतं.

कोणी म्हणेल की खरंच बाहेर काही चालू असेल तर काय, गप्प बसायचं? नाही. खरोखर फसवणूक झाली असेल तर समोरासमोर विचारा, दोन्हीकडची समजूतदार माणसं बसवा, नाहीच पटलं तर वेगळे व्हा. 2018 पासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही पण घटस्फोटाचं कारण तो आजही आहे, रस्ता आहे. हात उचलायचा हक्क मात्र कोणत्याच कायद्याने कोणाला दिलेला नाही.

आणि एक गोष्ट, काही माणसांचा संशय हा स्वभाव नसतो, आजार असतो. कितीही समजावा, पोरांची शपथ घ्या, त्याचं मत हलतच नाही, वास घेतो, कपडे तपासतो, लहान पोराला विचारतो की आज घरी कोण आलं होतं. दारू असली की हे आणखी वाढतं. अशा माणसाला आपल्याकडे भगताकडे नेतात, लिंबू उतरवतात, बायकोलाच उपास धरायला लावतात. अहो यावर गोळ्या-औषधं आहेत, मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, जळगाव आणि धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. घरबसल्या विचारायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता फोनबद्दल, कारण ते माझं काम आहे. वाचकांनी आपलं व्हॉट्सअ‍ॅप उघडून वरच्या तीन टिंबांवर दाबावं आणि लिंक्ड डिव्हाइसेस बघावं, मुख्य फोन सोडून आणखी चार ठिकाणी ते चालू करता येतं आणि बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. गुगल मॅपमध्ये आपल्या फोटोवर दाबून लोकेशन शेअरिंग बघावं. पण घरात मारहाण होत असेल तर घाईने काही काढू नका, समोरचा त्यावरून अजून भडकतो, आधी 181 या महिला हेल्पलाइनला विचारा, आणि जीवावर बेतलं तर सरळ 112. आणि माझ्या धंद्यातल्या भावांना हात जोडून सांगणं आहे की शे-दोनशे रुपयांसाठी दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप काही टाकून देऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं आयटी कायद्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, ते अ‍ॅप टाकून तो माणूस घरी गेल्यावर रात्री काय होतं याचा विचार करा.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की अशी बातमी छापताना तिच्या खाली 181, 112 आणि 14416 हे तीन नंबर चौकटीत छापत जा, एक इंचाची जागा लागेल. आणि हे पत्र छापणार असाल तर आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी छापा. आखाजीला आपल्या पोरी माहेरी येतात, झोका खेळतात, दोन दिवस आईजवळ असतात. जी पोरगी आली नाही, किंवा आली पण फोन हातातून सोडत नाही आणि रिंग वाजली की दचकते, तिला तिच्या आईने बाजूला घेऊन नीट विचारावं, आणि जावयाला पण बापाने एकट्याला गाठून शांतपणे विचारावं, भांडायला नाही, विचारायला.

आपला,
एक मोबाईल दुकानदार, अमळनेर, जि. जळगाव