आई-बाबा, मी नैरोबीला जायचं नक्की केलंय

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितेय. मेन गोष्ट आधीच सांगून टाकते, मी सही केलीय. केनियात नैरोबीची नोकरी, निर्वासितांच्या मदतीसाठी कंपन्यांना जोडून घ्यायची, दोन वर्षांसाठी, पुढच्या महिन्याच्या शेवटी निघायचंय. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं हे कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, फक्त गप्प झाला असतात, आणि तुम्ही गप्प झालात की माझा पाय निघत नाही. तेवढ्यासाठी माफ करा.

बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात ना, एवढं शिकून शेवटी कंपन्यांच्या दारात झोळी घेऊनच उभं राहायचं. रागाने नव्हतात म्हणाला, माहितीये. पण ते मनातून जात नाहीये, म्हणून जरा नीट सांगते.

नोव्हेंबरमध्ये गेले होते तेव्हा चार दिवस काकुमाला होते, केनियाच्या पार उत्तरेला, तुर्काना भागात. निर्वासितांची छावणी म्हणायचं, पण ती १९९२ पासून आहे. म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या आधीचं वर्ष, बाबा! आपण शेडमध्ये जेवढे दिवस काढले तेवढ्यानेच आई अजून पत्रा वाजला की दचकते, आणि तिथे माझ्या वयाच्या बायका आहेत ज्या लहानपणी सुदानमधून आल्या आणि आता त्यांची पोरं तिथल्याच शाळेत जातात. एका बाईच्या चुलीपाशी बसले होते. तिने मका वाटीने मोजून पातेल्यात टाकला, जरा थांबली, आणि अर्धी वाटी परत पिशवीत ओतली. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत कापली आणि तिथलं रेशन कमी झालं हे मी वाचलं होतं, रिपोर्टमध्ये लिहिलंही होतं, पण ती परत गेलेली अर्धी वाटी डोळ्यांसमोरून हलत नाही.

या कामातला बहुतेक पैसा सरकारांकडून येतो, आणि एखाद्या मोठ्या सरकारने हात आखडता घेतला की सगळंच लटकतं, म्हणून कंपन्यांना जोडून घ्यायचं. आणि दरवेळी पैसेच मागायचे असतात असंही नाही. केनियात लोक २००७ पासून फोनवरून पैसे पाठवतात, सफारीकॉम या फोन कंपनीचं एम-पेसा. त्याच कंपनीला सोबत घेऊन २०१५ मध्ये काकुमात 'बांबा चाकुला' सुरू झालं, म्हणजे रेशनचा काही भाग पोत्याऐवजी फोनवर जमा व्हायचा आणि लोक छावणीतल्याच दुकानातून हवं ते खाण्याचं सामान घ्यायचे, त्यात बरेच दुकानदारही छावणीतलेच. किंवा २०१५ चा नेपाळचा भूकंप घ्या. काठमांडूच्या विमानतळावर जगभरातून मदत येऊन पडत होती, ती उतरवून, लावून पुढे पाठवायला डीएचएल या कुरिअर कंपनीची माणसं होती, कारण त्यांचं रोजचं कामच ते. हे ऐकलं तेव्हा मला आपल्या भूकंपानंतरचे शाळेच्या ग्राउंडवरचे जुन्या कपड्यांचे ढीग आठवले, पावसात भिजलेले, आणि तुम्ही एकटे वही घेऊन उभे. तेव्हा तुमच्याजवळ अशी चार माणसं हवी होती, एवढंच वाटलं.

अवघड आहे पण. मुंबईत आठ वर्षं सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या समाजकामाच्या खर्चाचं काम केलं, तिथे निदान २०१३ चा कायदा पाठीशी होता, ठराविक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के त्यावर खर्च करावेच लागतात. पण तो पैसा देशातच वापरायचा असतो, काकुमाला त्याचा उपयोग नाही, तिकडे माणसं नव्याने जोडावी लागणार. सगळ्यांना पाण्याच्या टाकीवर नाव हवं असतं, पंपाच्या डिझेलवर नाव लिहिता येत नाही म्हणून डिझेलला कोणी पैसे देत नाही. आणि आलेला प्रत्येक पैसा घ्यायचाही नसतो, तंबाखूवाल्यांचा नाही, शस्त्रं बनवणाऱ्यांचा नाही. बाबा, शाळेच्या खोल्यांसाठी वर्गणी गोळा करताना तुम्ही त्या दारूच्या दुकानवाल्याची पाकिटं परत केली होती आणि दोन रुपये देणाऱ्या आजीला मात्र कार्बन लावून पावती फाडून दिली होती. मी सायकलच्या दांडीवर बसले होते, पावतीपुस्तक माझ्याकडे असायचं. बोटं निळी व्हायची. मी आजही तेच करतेय असं मला वाटतं, तुम्हाला तसं वाटत नसेल तर आल्यावर सांगा, पण सांगा, गप्प बसू नका.

आता आई, तुझ्यासाठी. नैरोबी उंचावर आहे, मुंबईसारखा घाम नाही, जुलैमध्ये तर स्वेटर लागतो. ऑफिस शहरात आहे, काकुमाला महिन्या-दीड महिन्यातून एकदाच. पिवळ्या तापाचं इंजेक्शन घेतलं, एक दिवस हात दुखला, बस. आपली माणसं तिकडे रेल्वे बांधायला गेली तेव्हापासून आहेत, तूरडाळ, हिंग सगळं मिळतं, आणि ज्वारी पण मिळते गं, तिला म्तामा म्हणतात. भाकरी नीट थापता येत नाही अजून, तू करायचीस तेव्हा मी नुसती पापुद्र्यासाठी बसून राहायचे. तुमचं घड्याळ अडीच तास पुढे असेल, म्हणजे तुमची जेवणं झाली की मी ऑफिसमधून घरी, रोज फोन करीन. आणि मुंबईहून विमान साधारण सहा तासांचं आहे. उमरग्याहून मुंबईला यायला मला याहून जास्त वेळ लागतो.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. लातूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांची तारीख दादाने घेतलीय, पुढे ढकलायची नाही. गच्चीवर टाकी बघायला चढायचं नाही, प्लंबरला बोलवा, पैसे मी देते. आई, गोड खाल्लं की शुगर वहीत लिहायची, खोटं लिहायचं नाही. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, बिलाची काळजी नको.

मी १४ तारखेला येतेय, आठ दिवस राहणार. शेंगाचटणी कर, दोन डबे, ऑफिसमधल्यांसाठी एक, त्यात तिखट जरा कमी घाल. आणि ते जुनं पावतीपुस्तक ट्रंकेत असेल तर काढून ठेवा.

तुमची,
मनू