पोरगी एक, मास्तर चार, मार्कही चार

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात बातमी होती का आदिवासी भागातल्या पोरांचं इंग्रजी लय कच्चं आहे. वाचून राग नाही आला, खोटं नाहीच ते, पण कच्चं म्हणजे किती कच्चं, अन ते ठरवलं कोणी आणि कशावरून, हे कुठंच नव्हतं म्हणून लिहून राहिलो. मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आमचे पोट्टे घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, अन मंग उरलेल्या जागेत इंग्रजी. दहावीच्या कागदावर तिला तृतीय भाषा म्हणतात, इथं मोजा तुम्ही, चौथी भरते.

सहावीतल्या एका पोरीनं आईवर पाच मार्काचं उत्तर लिहिलं, वाचून दाखवतो तसं सांगतो: 'माय मदर ही गो जंगल. ही ब्रिंग मोह. वी ड्राय मोह इन सन. संडे बाजार ही सेल.' मी नाव झाकून त्याच्या झेरॉक्स काढल्या अन ओळखीच्या तीन मास्तरांना दिल्या. एकानं दिला 1, म्हणे आईला 'शी' सोडून 'ही' म्हणते, क्रियापदाला एस नाही, काय शिकवलं तुम्ही. दुसऱ्यानं 2. मी स्वतः 3. चौथ्या मॅडमनी 4, कारण त्यांना सगळं समजलं, मोहाची फुलं कोण आणते, कशी वाळवतात, कधी विकतात. पोरगी तीच, उत्तर तेच. नापासही तीच अन हुशारही तीच.

आता त्या 'ही'चं बघा. कोरकूत मराठीसारखं तो-ती नाही, सजीव-निर्जीव असा भेद आहे, तं हे पोट्टे मराठी बोलतानाही तो-तीचा घोळ घालतात. त्यात मराठीत 'ही' म्हणजे बाईच, मंग ती पोरगी तरी काय करणार! चूक ती चूकच, सुधारायचीच आहे, पण एका चुकीला चार मार्क कापायचे का अर्धा, हे आधी बसून ठरवायला नको?

दुसरं म्हणजे प्रश्नच तपासायला पाहिजे, उत्तर नंतर. एका चाचणीत ट्रॅफिक सिग्नलचं चित्र होतं, त्यावर लिहा म्हणे. एका पोरानं लिहिलं का गावात सिग्नल नाही, टेकडीवर जावं लागते. इंग्रजी बऱ्यापैकी बरोबर होती बरं का त्याची! भेटला शून्य. त्यानं फक्त मोबाईलचा सिग्नल पाहिला होता, यात इंग्रजी कुठं चुकली सांगा.

दहावीला बोर्डात परीक्षकाच्या वर मॉडरेटर असतो, तपासलेल्या पेपरातले काही पुन्हा बघतो. पण बोर्डातही तोंडीचे 20 मार्क शाळेच्याच हातात, अन ते कसे पडतात हे तुम्हाला-मला माहीत आहे. 2019 ला भाषेचे ते मार्क काढले तं निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यावर आला, पुढच्या वर्षी परत दिले तं 95.30, त्या साली कोरोनानं भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हेही खरं, पण तरी. अन खालच्या वर्गात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे मास्तर वर्षभर पोरांचं काम बघून करतात त्या नोंदी दुसरं कोणी उघडून बघते का? मी तं नाही पाहिलं.

माझं म्हणणं एवढंच का केंद्राची, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाची, मास्तरांची शिक्षण परिषद होतेच, त्यात एक तास याला द्या. प्रत्येकानं तीन वह्या आणाव्या, एक बरी, एक मधली, एक कच्ची, नावं झाकून. आधी प्रत्येकानं गुपचूप मार्क टाकायचे, मग दाखवायचे, मग भांडायचं. भांडणातूनच कळते का आपण समजण्याला मार्क देऊन राहिलो का स्पेलिंगला. अन पुढच्या चाचणीचे प्रश्नही तिथंच वाचून घ्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरी इंग्रजी नसलेल्या पोरांसाठी इंग्रजीचा अभ्यासक्रमच वेगळा आहे, तिथं मास्तर पोरांचं लिखाण समोर ठेवून पातळी ठरवतात. आपल्याकडं वेगळा अभ्यासक्रम नका आणू बा, आहे तोच संपत नाही, पण वह्या समोर ठेवायला काही जीआर लागत नाही.

काही जण म्हणतील हा मार्क वाटायचा धंदा आहे. नाही. आम्ही चौघं त्या उत्तरावर नंतर फोनवर अर्धा तास वाद घालत होतो तं 4 वाल्या मॅडम 3 वर आल्या, 1 वाले सर 2 च्या पुढं सरकलेच नाहीत. काम लय आहे हेही मान्य, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशोब, वह्या तपासायलाच वेळ नाही तं वाद घालायला कुठून. पण तो एक तास परिषदेत तसाही पीपीटी पाहण्यात जातेच.

पुढच्या परिषदेसाठी मी बारा झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, केंद्रप्रमुख साहेबांनी बोलू दिलं तं वाटतो.

आपला,
एक जिल्हा परिषद शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती