अतिरिक्त राउटर विकत घेऊनही स्वतंत्र नेटवर्क न मिळाल्याबाबत तक्रार

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
विभागीय कार्यालय, अमरावती.

विषय : एकाच फायबर जोडणीवर दुसरे, स्वतंत्र नेटवर्क करून देण्याचे काम सदोष झाल्याबाबत आणि त्यासाठी घेतलेले शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी वरुड तालुक्यातील एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो आणि गेल्या तीन वर्षांपासून आपल्या कंपनीचा फायबर ग्राहक आहे. केंद्राची खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि तिच्या मागे, अंगण ओलांडून, आमचा जुना वाडा आहे. आपली फायबर तार रस्त्यावरून केंद्रात येते, कंपनीचा मुख्य मॉडेम तेथेच भिंतीवर बसवलेला आहे. वाड्याच्या भिंती मातीच्या आणि दीड हात जाड असल्याने केंद्रातले वायफाय ओसरीपर्यंतही पोहोचत नाही.

परंतु मी दुसरा राउटर केवळ सिग्नल पोहोचवण्यासाठी घेतलेला नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण आपल्या ग्राहक सेवेतील प्रत्येक प्रतिनिधीने माझी तक्रार ‘रेंज येत नाही’ अशीच नोंदवून घेतली आहे. केंद्रातल्या दोन संगणकांवर गावातल्या शेतकऱ्यांचे सातबारे, आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती असतात. वाड्यात मुलांचे मोबाईल, टीव्ही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचे फोन असतात. या दोन गोष्टी एका जाळ्यावर (नेटवर्कवर) असू नयेत, एवढीच माझी मागणी होती. ती मी आपल्या विक्री प्रतिनिधीला १२ जून रोजी समोरासमोर सांगितली आणि त्यांनी राउटरसाठी २,४०० रुपये व जोडणीसाठी ५०० रुपये घेऊन जी पावती दिली, तिच्यावर ‘अतिरिक्त राउटर, स्वतंत्र नेटवर्कसह जोडणी’ असे शब्द छापलेले आहेत.

१६ जून रोजी आपले तंत्रज्ञ आले. त्यांनी मुख्य मॉडेमपासून अंगणातून सुमारे चाळीस मीटर केबल ओढली आणि ती ओसरीवरच्या नव्या राउटरच्या, घरातली यंत्रे जोडण्यासाठी असलेल्या, चार पिवळ्या पोर्टांपैकी (केबल लावण्याच्या खाचांपैकी) एकात लावली. बाहेरची जोडणी घेण्यासाठी असलेला निळा पोर्ट मोकळाच राहिला. वायफायला वेगळे नाव दिले, मोबाईलवर दोन्ही नावे दाखवली आणि म्हणाले, “भाऊ, आता दोन नावे दिसतात ना, मग दोन नेटवर्क झाले.” मी त्यावर विश्वास ठेवून सही केली.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रातले इंटरनेट दिवसातून आठ-दहा वेळा बंद पडू लागले. ते दिवस शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे होते. उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रिमिलेअरचे दाखले काढण्यासाठी दाराबाहेर माणसे उभी असत आणि अर्ज भरता भरता पान अडकत असे. ग्राहक सेवेला फोन केला की मॉडेम बंद करून चालू करायला सांगत. मी तो इतक्या वेळा बंद-चालू केला की त्याचे बटण आता सैल झाले आहे.

या काळात मला एक विचित्र गोष्ट दिसली. केंद्राला इन्व्हर्टर आहे, वाड्याला नाही. दुपारी लाईन गेली की केंद्रातले इंटरनेट एकदम सुरळीत चालू लागे आणि लाईन आली की पाच-दहा मिनिटांत पुन्हा अडखळू लागे. आमच्या भागात लाईन जाण्याचे कोणाला नवल नाही, पण लाईन गेल्यावर इंटरनेट येते हे मी प्रथमच पाहिले. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या माझ्या भाच्याला हे फोनवर सांगितले, तेव्हा त्याने लगेच ओळखले की वाड्यातला राउटर बंद झाला की भांडण मिटते, म्हणजे भांडण त्या राउटरचेच आहे.

कारण असे होते. मुख्य मॉडेमचा जाळ्यावरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १९२.१६८.१.१ आहे आणि नव्या राउटरचा कारखान्यातून आलेला पत्ताही नेमका तोच होता. पिवळ्या पोर्टातून जोडल्यामुळे दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर, एकाच पत्त्याने बसली आणि दोघेही येईल त्या संगणकाला आपापल्या परीने क्रमांक, म्हणजे असेच पत्ते, वाटू लागले. केंद्रातला संगणक बाहेरचा रस्ता विचारी, तेव्हा कधी मुख्य मॉडेम उत्तर देई आणि कधी ओसरीवरचा राउटर, ज्याच्याकडे बाहेरचा रस्ताच नव्हता. एकाच घर क्रमांकाची दोन घरे असलेल्या गल्लीत पोस्टमनची जी गत होईल, तीच आमच्या संगणकांची झाली. घरगुती जाळ्यांसाठी १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते राखून ठेवलेले आहेत, म्हणजे २५६ पत्त्यांचे २५६ गट. त्यांतला दुसरा कोणताही गट निवडणे हे जोडणी करणाऱ्याचे पहिले काम होते.

२७ जून रोजी तेच तंत्रज्ञ पुन्हा आले. त्यांनी नव्या राउटरचा पत्ता बदलला, त्याचे क्रमांक वाटण्याचे काम बंद केले आणि भेटीचे ३५० रुपये घेतले. त्यानंतर इंटरनेट बंद पडणे थांबले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आपल्या नोंदीत त्या दिवशी तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केलेली आहे. प्रत्यक्षात मात्र दोन जाळी करण्याऐवजी एकच जाळे नीट चालू करून दिले गेले.

हे मला कसे कळले तेही लिहितो. आषाढी एकादशी रविवारी, ६ जुलैला होती आणि केंद्र शनिवारी संध्याकाळपासून बंद होते. सोमवारी सकाळी कुलूप उघडले, तर प्रिंटरच्या ट्रेमध्ये मोराच्या चित्राचे चौदा रंगीत कागद पडलेले होते. वाड्यात बंगईवर बसून धाकट्याने आईच्या मोबाईलवर चित्र उघडले होते, छापण्याचे बटण दाबले होते आणि काही होत नाही असे वाटून पुन्हा पुन्हा दाबले होते. मोबाईलला जवळचा प्रिंटर आपोआप सापडतो तो एकाच जाळ्यावर असेल तर, आणि बंद केंद्रातला प्रिंटर त्याला सापडला होता. शाई गेली त्याचे दुःख नाही. मी त्याच सकाळी वाड्यातून लॅपटॉप उघडून पाहिले, तेव्हा केंद्रातल्या दोन संगणकांमध्ये सामायिक ठेवलेला फोल्डर मला ओसरीवरून दिसला आणि त्यात गावातल्या माणसांच्या पासबुकांच्या प्रती होत्या. त्या आठवड्यात आमच्याकडे एकादशीसाठी पाहुणे मुक्कामाला होते आणि त्यांच्या सहा-सात मोबाईलांत आमच्या वायफायचा पासवर्ड टाकलेला होता.

मी तोच दिवस धरून लेखी तक्रार केली. १७ जुलै रोजी या वेळी दुसरे तंत्रज्ञ आले. त्यांनी राउटर मूळ स्थितीत आणला आणि केबल निळ्या पोर्टात लावली, जे बरोबर होते. परंतु मूळ स्थितीत आणल्यामुळे त्याचा पत्ता पुन्हा १९२.१६८.१.१ झाला. आता राउटरच्या बाहेरच्या बाजूला आणि आतल्या बाजूला एकच पत्ता-गट आला, त्यामुळे कोणता निरोप बाहेर पाठवायचा आणि कोणता आत ठेवायचा हे त्याला ठरवता येईना आणि वाड्यातले इंटरनेट पूर्ण बंद झाले. तंत्रज्ञांनी केबलमध्ये बिघाड असल्याचा शेरा मारला, पुन्हा ३५० रुपये घेतले आणि निघून गेले. अशा केबलची मर्यादा शंभर मीटर असते, ही चाळीस मीटरच आहे आणि आदल्या दिवसापर्यंत ती व्यवस्थित चालत होती. (तिच्याबाबत माझी तक्रार वेगळीच आहे. ती विजेच्या तारेला बांधून उघड्यावरून नेलेली आहे आणि आमच्याकडे पावसाळ्यात विजा कशा कडाडतात हे अमरावतीच्या कार्यालयाला सांगण्याची गरज नसावी.)

२० जुलैच्या रविवारी भाचा गावी आला. त्याने राउटरच्या पानात जाऊन आतला पत्ता १९२.१६८.५०.१ केला, राउटर पुन्हा सुरू केला आणि चहा गार होण्याच्या आत वाड्यात इंटरनेट आले. केबल तीच होती. या जोडणीत बाहेर जाताना पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते (एकदा नव्या राउटरवर, एकदा मुख्य मॉडेमवर) आणि त्यामुळे काही ऑनलाइन खेळांना किंवा बाहेरून पाहायच्या कॅमेऱ्यांना अडचण येऊ शकते, हे त्याने मला समजावले. मला त्याचा त्रास नाही आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही.

माझी उरलेली आणि मुख्य तक्रार क्रमाबद्दल आहे. एकामागे एक लावलेल्या दोन राउटरांचे वाड्यासारखेच असते. ओसरीवरचा माणूस विचारल्याशिवाय माजघरात जात नाही, पण माजघरातला हवा तेव्हा ओसरीवर येतो. आजच्या जोडणीत दुसऱ्या राउटरच्या आत, म्हणजे माजघरात, मुलांचे मोबाईल आणि पाहुणे आहेत, आणि ओसरीवर शेतकऱ्यांची कागदपत्रे आहेत. प्रिंटर आता मोबाईलला आपोआप सापडत नाही हे खरे, परंतु वाड्यातून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की त्याचे पान उघडते. केंद्रातून वाड्यातल्या यंत्रांपर्यंत मात्र पोहोचता येत नाही. मी मागितले होते त्याच्या हे बरोबर उलट आहे. हा दोष मला स्वतःला दुरुस्त करता येत नाही, कारण मुख्य मॉडेमच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनी ग्राहकाला देत नाही. तात्पुरता उपाय म्हणून मी सामायिक फोल्डर बंद केला असून या संगणकावरून त्या संगणकावर पेन ड्राइव्हने फाइल नेतो, तेही पीक विम्याच्या गर्दीत.

२२ जुलै रोजी मी हे सर्व ग्राहक सेवेला कळवले, तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले, दुसऱ्या राउटरची जबाबदारी कंपनी घेत नाही. हा राउटर मी वरुडच्या बाजारातून आणलेला नाही, तो आपल्याच कंपनीने, आपल्याच पावतीवर, जोडणीच्या शब्दांसह विकलेला आहे. दुसरे, माझा वापर व्यावसायिक असल्याने मला ग्राहक म्हणून दाद मागता येणार नाही. हे केंद्र मी स्वतः चालवतो आणि माझा उदरनिर्वाह त्यावरच आहे. स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठीची समजली जात नाही, ही तरतूद आपल्या विधी विभागाला माहीत असेलच.

तरी माझी विनंती अशी आहे की कंपनीने स्वखर्चाने एकतर मुख्य मॉडेमवरच वाड्याकडे जाणारा पोर्ट केंद्राच्या पोर्टांपासून व्हीलॅनने (एकाच यंत्रावर वेगवेगळी जाळी करण्याच्या सोयीने) वेगळा करून द्यावा, किंवा तसे त्या मॉडेमवर होत नसल्यास केंद्रातल्या संगणकांसाठी आणखी एक राउटर बसवून दोन्ही बाजू मुख्य मॉडेमखाली आपापल्या राउटरच्या आत ठेवाव्यात. काम झाल्यावर दोन्हीकडून एकमेकांची यंत्रे दिसत नाहीत हे तंत्रज्ञांनी माझ्यासमोर तपासून तसे लेखी द्यावे, कारण वायफायच्या नावांवर मी आता सही करणार नाही. अंगणातली केबल विजेच्या तारेपासून दूर, नळीतून न्यावी. जोडणीचे ५०० आणि दोन भेटींचे ७०० असे १,२०० रुपये मला परत मिळावेत. राउटरचे पैसे मी परत मागत नाही, राउटर चांगला आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम न झाल्यास मी ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाईन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करीन आणि आवश्यक झाल्यास अमरावतीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक जेथे राहतो तेथेच तेथील आयोगाकडे तक्रार करता येते आणि इतक्या कमी रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, त्यामुळे मला ते अवघड नाही. तशी वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तंत्रज्ञ पाठवताना मुख्य मॉडेमच्या सेटिंगचा अधिकार असलेली व्यक्ती पाठवावी आणि आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून येण्यापूर्वी एक फोन करावा. पावती, दोन्ही भेटींच्या शुल्काच्या प्रती, तक्रार क्रमांकांची यादी, अंगणातल्या केबलचे छायाचित्र आणि मोराच्या चित्राचा एक कागद सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
सेवा केंद्र चालक,
ता. वरुड, जि. अमरावती.