धुऱ्याच्या मोजणीबाबत आई-बाबांना पत्र

नागपूर,
दि. 9 मार्च 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांचा आवाज चढला आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लिहिलेले पुन्हा वाचता येते, धाकट्या काकांना दाखवता येते आणि कोणाला मध्येच फोन ठेवूनही देता येत नाही. विषय एकच आहे. पूर्वेकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, शेजारच्या काकांशी जो वाद सुरू झाला आहे, तो पेरणीपूर्वी मार्गी लागावा आणि तो कागदावर मिटावा, असे मला वाटते.

झाले ते मला असे कळले आहे. पऱ्हाटी उपटून झाल्यावर त्यांच्या वावरात ट्रॅक्टरने नांगरणी झाली आणि नांगर धुऱ्यात साधारण तीन फूट आत आला. बाभळीच्या बुंध्याजवळचा हद्दीचा दगड आडवा पडलेला सापडला. बाबांचे म्हणणे असे की हे एका दिवसाचे नाही; त्यांच्याकडे बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हापासून दरवर्षी नांगराचे एकेक तास, म्हणजे एकेक सरी, इकडे सरकत आहे. शेजारचे काका म्हणतात की आमची वहिवाट इथपर्यंतच होती, उलट तुम्हीच धुऱ्याची माती ओढून धुरा आमच्याकडे रुंद केला. आता बाबा काटेरी तार लावायचे आणि त्यांच्या बैलबंडीची वाट बंद करायचे म्हणतात. गावातले दोघे-तिघे पोलीस ठाण्यात चला म्हणून मागे लागले आहेत. या तिन्ही गोष्टी सध्या करू नयेत, अशी माझी विनंती आहे, आणि तिची कारणे पुढे लिहीत आहे.

बाबा, तुम्ही सात-बारा काढून त्यांच्यासमोर धरला, असे आई म्हणाली. सात-बाऱ्यावर आपले क्षेत्र किती हेक्टर आणि किती आर आहे ते लिहिलेले असते, पण ते क्षेत्र नेमके कोणत्या रेषेपासून कोणत्या रेषेपर्यंत पसरले आहे, हे त्यावर कोठेही नसते. त्यांच्याही सात-बाऱ्यावर त्यांचे क्षेत्र पूर्ण आहे. म्हणजे दोघांचे कागद खरे आणि तरीही भांडण खरेच. हद्द सांगणारा कागद वेगळा आहे. ती नकाशावरून आणि जुन्या टिपणावरून, म्हणजे भूमापनाच्या वेळी लिहून ठेवलेल्या मापांच्या नोंदीवरून, कळते; ही कागदपत्रे भूमी अभिलेख कार्यालयात असतात आणि त्यांच्या आधारे जमिनीवर रेषा दाखवण्याचे काम तिथला भूकरमापक करतो. तलाठी, पोलीस पाटील किंवा सरपंच यांनी पायांनी मोजून सांगितलेल्या हद्दीला समजुतीपलीकडे वजन नाही, मग ती आपल्या बाजूने सांगितलेली असो की त्यांच्या.

टिपणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मला या प्रकरणाचे मर्म तिथेच दिसते. जुन्या भूमापनात लांबी साखळी आणि आण्यांमध्ये मोजत. एक साखळी म्हणजे 33 फूट आणि तिचे 16 आणे; म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा. आपण जो गुंठा म्हणतो, तो याच साखळीचा चौरस आहे, 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. आता आपला वाद तीन फुटांचा आहे, म्हणजे जेमतेम दीड आण्याचा. ज्या टिपणात लहानात लहान माप आण्याचे, त्यावरून दीड आण्याचा निवाडा मागायला आपण निघालो आहोत. नकाशावरची रेघसुद्धा जमिनीवर उतरवली तर फुटांत मोजावी लागेल एवढी जाड असते. आजकाल भूकरमापक रोव्हर नावाचे उपग्रहांच्या मदतीने मोजणारे यंत्र घेऊन येतात आणि ते यंत्र अतिशय बारकाईने जागा दाखवते, हे खरे. पण यंत्र बारीक असले तरी ज्या जुन्या नोंदीशी ते ताडून पाहायचे, ती तेवढी बारीक नाही. म्हणून मोजणी झाल्यावर रेषा तीन फूट पलीकडे जाईल अशी खात्री बाबांनी धरू नये. ती एक फूट जाईल, जिथे आहे तिथेच राहील, कदाचित आपल्याकडेही सरकेल. जे निघेल ते मान्य करायची मनाची तयारी असेल, तरच अर्ज करण्यात अर्थ आहे.

दुसरा हिशेब पैशांचा. धुऱ्याची लांबी सुमारे 500 फूट धरली, तर तीन फुटांचा पट्टा 1500 चौरस फूट भरतो. म्हणजे दीड गुंठाही पुरता नाही. एकरी आठ क्विंटल कापूस धरला, तर त्या पट्ट्यात वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस किलो कापूस पिकेल, आणि तोही धुऱ्याच्या झाडांची सावली सोडून. हे मी बाबांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. आजोबांनी राखलेली जमीन तीन फूट का होईना, कोणी न विचारता घ्यावी, हे मलाही मान्य नाही. मात्र या पट्ट्यासाठी दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे तारखांना जाण्यात जो खर्च आणि जो त्रास आहे, तो या पट्ट्यातून कधीच भरून निघणार नाही. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता तालुक्याच्या फेऱ्या मला अधिकच जड वाटतात.

गप्प बसावे असे मात्र मी म्हणत नाही. आई, तुझे म्हणणे असे की शेजारच्या काकूंनी तुझ्या आजारपणात दोन महिने डबा पोचवला, तेव्हा तीन फुटांसाठी त्यांचे तोंड चुकवायचे कशाला. तुझी भावना मला पूर्ण समजते. परंतु दुसऱ्याची जमीन मालकाविरुद्ध उघडपणे आणि अखंड 12 वर्षे ताब्यात ठेवणाऱ्याला 1963 च्या मुदत कायद्यानुसार त्या ताब्याच्या जोरावर हक्क सांगता येतो. त्यांचा ट्रॅक्टर येऊन अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत. आज दोन्ही घरांतली मोठी माणसे हयात आहेत, एकमेकांना नावाने हाक मारतात, जुना दगड कोठे होता हे सांगू शकतात. उद्या हे प्रकरण आमच्या पिढीच्या हाती गेले, तर तो दगड पाहिलेला माणूसच उरणार नाही आणि मग केवळ वकील बोलतील.

त्या दगडाबद्दल एक. सालगड्याच्या मुलाने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दगडाच्या एका टोकाला काळी माती वाळून चिकटली आहे आणि दुसरे टोक उन्हापावसाने पांढुरके झाले आहे, म्हणजे तो किती खोल रोवलेला होता हे दिसते. पण ज्या खड्ड्यातून तो निघाला, तो खड्डा फोटोत कोठेच नाही, नांगराने बुजवला असावा. त्यामुळे बाबांनी अंदाजाने तो पुन्हा रोवू नये. हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे जमीनधारकावरच आहे आणि खुणा हलवणाऱ्याला दंडाची तरतूदही आहे. अशा वेळी आपण स्वतः दगड उभा केला, तर तो तुम्हीच हलवला असे म्हणायला त्यांना जागा मिळेल. दगड आहे तिथेच पडू द्यावा. बाभळीचा बुंधा, विहीर आणि दगड एकाच फोटोत येतील असे आणखी दोन-चार फोटो मात्र काढून ठेवावेत.

बंडीची वाट बंद करण्याचा विचार बाबांनी अगदी सोडून द्यावा. त्यांच्या वावराला पांदण लागत नाही आणि आपल्या धुऱ्यावरून जाण्याशिवाय त्यांना दुसरी वाट नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. अशी चालत आलेली वाट अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाऊन अडथळा काढून घेण्याची मागणी त्यांना करता येते, आणि ती मागणी मान्य होण्याचीच शक्यता अधिक आहे. आज आपली बाजू न्यायाची आहे. वाट अडवली की हद्दीचा मुद्दा मागे पडेल आणि तहसीलमध्ये आपण अडवणूक करणारे ठरू. तारेचेही तसेच. रेषा ठरायच्या आधी तार लावली, तर ती कोणाच्या जमिनीत लागली यावरून दुसरे भांडण उभे राहील. पोलीस ठाण्यातही हद्द ठरवून मिळत नाही; हाणामारी झाली तरच त्यांचे काम, आणि ती होऊ नये एवढ्यासाठीच तर हे सारे लिहिणे आहे.

आता करायचे काय ते लिहिते. मोजणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो मी येथून भरीन. सात-बाऱ्यावर धाकट्या काकांचेही नाव आहे, तेव्हा त्यांचीही सही घ्यावी म्हणजे पुढे त्यांच्या बाजूने हरकत राहणार नाही. तुम्हा दोघा भावांमधली वाटणी हा स्वतंत्र विषय आहे. तो या अर्जात मिसळू नये, कारण वादाचा धुरा हा आपल्या सर्व्हे नंबरची बाहेरची हद्द आहे. मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. द्रुतगतीचे शुल्क नियमितच्या चौपट असले तरी तेच भरावे असे माझे मत आहे, कारण मृग लागण्यापूर्वी रान मोकळे असतानाच मोजणी झाली पाहिजे. एकदा तूर आणि पऱ्हाटी उभी राहिली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागेल. शुल्काची काळजी बाबांनी करू नये.

अर्जात लगतच्या सर्व धारकांची नावे आणि पत्ते द्यावे लागतात, म्हणजे फक्त पूर्वेकडच्या काकांची नव्हे, चारही बाजूंच्या धुरेकऱ्यांची. कार्यालय त्यांना नोटीस पाठवते. ती नोटीस त्यांच्या हाती पडण्याआधी बाबांनी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सरकारी लखोटा उघडताना माणसाला जे वाटते, ते आधी कानावर गेले असेल तर बरेच कमी होते. "आपल्या दोघांच्याही समाधानासाठी मोजणी मागवली आहे, तुम्हीही हजर राहा" एवढे म्हणून चहा घेऊन परत यावे. मागचे उकरू नये. बाबांना जाववत नसेल तर आईने काकूंकडे जावे. त्या दोघींमध्ये हे बोलणे अधिक सोपे होईल, असा माझा अंदाज आहे.

मोजणीच्या दिवशी मी रजा घेऊन येईन. भूकरमापकाला खुणा दाखवताना दोन्ही बाजूंची माणसे सोबत असावीत आणि जो जे सांगेल ते जबाबात लिहून घ्यावे. नोटीस मिळूनही ते आले नाहीत, तरी मोजणी होते. पण ते आलेलेच चांगले, कारण डोळ्यांसमोर रोवलेल्या खुणेवर माणूस सहसा शंका घेत नाही. नंतर आपल्याला नकाशाची जी प्रत मिळते, तिला क प्रत म्हणतात. ती जपून ठेवावी. कोणालाही निष्कर्ष पटला नाही, तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागण्याची सोय आहे. ती सोय त्यांनाही आहे, हे ध्यानात असू द्यावे, आणि त्यांनी ती मागितली तर राग धरू नये.

गावातल्या एकाने सलोखा योजनेचे नाव काढले, असे कळले. ही योजना 2023 मध्ये आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान 12 वर्षे असेल, तर नाममात्र मुद्रांक व नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त करून देणारी ती योजना आहे. आपले तसे नाही. आपण एकमेकांच्या जमिनी कसत नसून एकाच रेषेवरून भांडत आहोत. त्यामुळे त्या फंदात पडू नये.

मोजणीने हद्द कळते, ताबा आपोआप मिळत नाही, हेही आधीच लिहून ठेवते. रेषा आपल्या बाजूने निघाली आणि त्यांनी पट्टा सोडला नाही, तर महसूल अधिकाऱ्यांकडे किंवा दिवाणी न्यायालयात जावे लागेल. तिथपर्यंत न जाता गावाच्या तंटामुक्ती समितीपुढे दोघांनी बसून, मोजणीची रेषा मान्य असल्याचे लिहून, चार पंचांच्या सह्यांनी ते पूर्ण करावे, हे मला सर्वांत बरे वाटते. त्यांनी नांगरलेल्या पट्ट्याची भरपाई वगैरे मागू नये. नवे दगड रोवण्याचा खर्च अर्धा-अर्धा करावा, आणि ते अर्धा द्यायला तयार नसतील तर आपण पूर्ण द्यावा. त्यांच्या बंडीची वाट पूर्वीप्रमाणे चालू राहील, हे वाक्य त्याच कागदावर आपण होऊन लिहावे. माझ्या मते काकांना खरी भीती त्या वाटेची आहे आणि तीन फूट हे केवळ निमित्त आहे. ते वाक्य वाचल्यावर त्यांचा निम्मा विरोध तिथेच संपेल.

अर्जासाठी मला चालू सात-बारा, बाबांच्या आणि धाकट्या काकांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि चारही धुरेकऱ्यांची पूर्ण नावे हवी आहेत. उत्तरेकडचे वावर मध्यंतरी विकले गेले, तेव्हा तिथे आता कोणाचे नाव लागले आहे ते तलाठ्याकडून विचारून घ्यावे. हे सर्व सालगड्याच्या मुलाच्या मोबाईलवरून या आठवड्यात पाठवावे. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, आणि मोजणीची तारीख येईपर्यंत पूर्वेच्या धुऱ्याकडे एकट्याने जाऊ नये.

तुमची लेक