शर्यत झाल्यावर जानेवारीत काय करायचं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हौशी धावणाऱ्यांसाठी आपण पुरवणीत सल्ला छापला होता. ध्येय ठरवा, चांगले बूट घ्या, सातत्य ठेवा. सगळं बरोबरच आहे. पण ‘सातत्य ठेवा’ म्हटल्यानं ते राहत नाही. ते कशानं राहतं आणि कधी तुटतं हे मी कोथरूडला रोज पहाटे बघते, म्हणून हे पत्र.

मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. वय पन्नाशीच्या पुढे. शाळेत खो-खोच्या संघातसुद्धा नव्हते. शेजारच्या वहिनींना डॉक्टरांनी चालायला सांगितलं, त्यांना अंधारात एकटीनं निघायची भीती वाटायची, म्हणून मी बरोबर जाऊ लागले. चालता चालता पळायला लागलो. जिन्यात भेटणाऱ्या, भाजीच्या गाडीवर भेटणाऱ्या आणखी काही जणी आल्या. आता आम्ही अर्ध मॅरेथॉन पळतो, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं.

रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो : उद्या सव्वापाच, औषधाच्या दुकानापाशी. खाली एकेक जण ‘येते’ लिहिते. आमचं सातत्य या एका शब्दावर चालतं. पहाटे गजर वाजतो तेव्हा मेडल डोळ्यांसमोर येत नाही, वेळेचं उद्दिष्ट तर नाहीच नाही. बंद दुकानापाशी आपली मैत्रीण एकटी उभी असेल, एवढंच आठवतं आणि पांघरूण बाजूला होतं. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून लोक पळणं सोडतात, हे मला पटत नाही. मला दिसलेल्या बहुतेक जणींना सोबत मिळाली नव्हती, किंवा मिळालेली सोबत त्यांच्यापेक्षा वेगानं पुढे निघून गेली होती.

वेगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन माणूस इथेच गळतो. पळायला लागल्यावर दीड-दोन महिन्यांत दम लागणं कमी होतं. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं तितक्या लवकर तयार होत नाहीत. त्यामुळे आता आपल्याला जमतंय असं वाटून माणूस वेग वाढवतो, अंतरही वाढवतो, आणि नडगी नाहीतर टाच धरते. मग विश्रांती, मग ‘आपल्याला झेपत नाही’, मग बूट कपाटात. म्हणून आठवड्यातलं बहुतेक पळणं गप्पा मारता येतील इतक्या सावकाश असावं. धाप लागून बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या भोंडल्याची गाणी म्हणत पळतात. गाणं थांबलं की सगळ्या जणी आपोआप हळू होतात. आणि सगळ्यात मागे असेल तिच्याबरोबर एक जण राहतेच, हा नियम आम्ही कधी मोडलेला नाही.

पुण्यातल्या माणसानं हिवाळ्यातल्या शर्यतीची तयारी करायची म्हणजे अख्खं सणांचं वर्ष पायांखालून जातं. सुरुवात श्रावणात. बूट भिजतात, त्यात रात्रभर आपलाच पेपर कोंबून ठेवावा लागतो. गणपतीत मांडवांमुळे रस्ते अरुंद होतात आणि घरी पाहुणे असतात. नवरात्रात काही जणींचे नऊ दिवस उपास, तेव्हा आम्ही अंतर कमी करतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही. दिवाळीत तर वेळापत्रक पुरतं मोडतं. ज्या तक्त्यात या दिवसांना जागा नाही तो तक्ता परदेशातल्या माणसासाठी केलेला आहे, आपण तो इथल्या घरात राबवू नये. पंधरा दिवस गेले तरी पळणाऱ्याचं फार बिघडत नाही. ‘आता सगळं गेलं’ असं मनात घेऊन पुढचे दोन महिने जातात, बिघडतं ते त्यानं.

रविवारी लांबचं पळणं. आम्ही चांदणी चौकाकडून पाषाणला जातो, कधी एनडीए रस्त्यानं कुडज्याच्या बाजूला. उजाडताना धरणाचं पाणी दिसतं. परतताना टपरीवर पोहे आणि चहा होतो, आणि मला वाटतं निम्म्या जणी त्या अर्ध्या तासासाठीच येतात. यावंच. सकाळी त्या तेवढ्या वेळात घरचं काहीही बोलता येतं.

पण सगळ्यात जास्त गळती होते ती शर्यत झाल्यावर. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे, आणि त्या दिवसांत आपल्यासकट सगळे पेपर पळणाऱ्यांच्या फोटोंनी भरतात. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर ‘येते’ म्हणणाऱ्या निम्म्या होतात. महिनोन्महिने एका तारखेकडे बघून पळायचं आणि ती तारीख गेली की पुढे बघायला काही नाही. जानेवारीतली हवा पळायला वर्षातली सगळ्यात चांगली, आणि तेव्हाच मैदानं रिकामी. आम्ही आता शर्यतीआधीच फेब्रुवारीतला एक दिवस ठरवून ठेवतो. त्याला ना शुल्क, ना छातीवर लावायचा नंबर, ना मेडल. सिंहगडावर जायचं, पिठलं-भाकरी खायची, यायचं. तेवढ्यानंही पुष्कळ जणी टिकतात.

आणि जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. कामावर जाणाऱ्या बाईला त्याआधी पळून घरी यावं लागतं, डबे करावे लागतात. टेकड्यांवरच्या लुटमारीच्या बातम्या आपणच छापता, त्यामुळे वेताळ टेकडीवर अंधारात जायचा प्रश्न येत नाही. रस्ता उरतो, आणि रस्त्यावर भरधाव गाड्या व कुत्री. शहरात मैदानं आहेत, शाळांची आहेत, महाविद्यालयांची आहेत. पुष्कळांची फाटकं तेव्हा बंद असतात. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली, म्हणजे आपली पुण्याची शर्यत तिच्याहून एक वर्षानं जुनी. अशा शहरात पन्नाशीतल्या बाईला पळायला उजेडातली, राखण असलेली जागा मिळावी, ही मागणी मला मोठी वाटत नाही. ज्यांच्याकडे या फाटकांच्या किल्ल्या आहेत त्यांनी थंडीचे तीन महिने तरी ती पाच ते सात उघडी ठेवावीत, दोन दिवे लावावेत आणि एक रखवालदार ठेवावा.

आपल्याला विनंती एवढीच, की धावण्यावरचा पुढचा लेख शर्यतीच्या आठवड्यात न छापता जानेवारीत छापावा. आणि त्यात पेठेपेठेतल्या, उपनगरातल्या सावकाश पळणाऱ्या गटांची जागा आणि वेळ द्यावी, विशेषतः बायकांच्या गटांची. आमची वेळ कळवायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे