ऐरोली स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्या ताईंचे मनापासून आभार

ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. गेल्या सोमवारी आमच्या कळव्याच्या अभ्यासिकेतली बी. कॉम. झालेली मुलगी वॉक-इन इंटरव्ह्यूला निघाली होती. तुमच्याकडे आली ती फक्त बायोडेटाच्या प्रिंट काढायला.

तीन पानं होती. त्यात धर्म, वडिलांचा व्यवसाय, शेवटी प्रतिज्ञापत्र आणि ‘अनुभव : निरंक’. तुम्ही गिऱ्हाईक थांबवून तिला खुर्ची दिलीत. निरंकची ओळ खोडलीत आणि विचारलंत, “दोन वर्षांत हिशोबाचं काही केलंस का गं?” गणपती मंडळाची पावतीपुस्तकं तिने एक्सेलमध्ये उतरवली होती, ताळेबंद जुळवला होता. तेच तुम्ही पहिल्या अर्ध्या पानात घेतलंत. बाकी सगळं काढून एकच पान. आधीची पीडीएफ मोबाइलवर काढलेल्या फोटोंची होती, त्यातला मजकूर नोकरीच्या ऑनलाइन पोर्टलला वाचता येईलच असं नाही, म्हणून वर्डमधून नवीन करून दिलीत. फाइलला तिचं नाव आणि ‘अकाउंट्स’ एवढंच. ‘फायनल २’ वगैरे नाही.

छापण्याआधी तुम्ही बायोडेटावरच्या नंबरवर रिंग दिलीत. फोन भलत्याच गृहस्थांनी उचलला. एक आकडा चुकला होता! तीन महिने अर्ज करूनही तिला एक फोन का येत नव्हता, याचं मोठं कारण तेच असणार. हे आम्हा कुणालाही सुचलं नव्हतं.

पैसे घेतलेत फक्त चार प्रतींचे. वर जुन्या प्रती फाडून टाकायला लावल्यात.

ती शुक्रवारी रुजू झाली. पेढे घेऊन येतोय, ताई.